पिकअपचा पिकअप

"पिकअपला पिकअप नाही" हे वाक्य आमच्याकडे सातारा-सांगली पट्ट्यात दिवसातून एकदा तरी कुठल्या ना कुठल्या चहाच्या गाड्यावर ऐकू येतंच. पहिला पिकअप म्हणजे गाडी. पुढे केबिन, मागे हौदा, त्यात द्राक्षं, बेदाणा, हळद, दुधाचे कॅन, कोंबड्यांचे पिंजरे, लग्नाचं वऱ्हाड, काय वाट्टेल ते. दुसरा पिकअप म्हणजे दम. पाय दाबला की गाडी कशी अंगात आल्यासारखी निघाली पाहिजे, ते. इंग्रजांनी हा शब्द आपल्याला एकाच अर्थाने दिला असेल, दुसरा आपण कमावला.

तर या दुसऱ्या पिकअपचा धंदा सध्या जोरात आहे. हातात मावेल एवढं यंत्र, त्याला एक वायर, ती वायर स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला लावायची, वीस-पंचवीस मिनिटं थांबायचं, की तुमची गाडी म्हणे "खुलते". कुणी रिमॅप म्हणतं, कुणी ट्यूनिंग, आमच्या तासगावकडची पोरं सरळ "गाडी खोलून आणली" म्हणतात. बॉनेटला हातही न लावता गाडी खोलतात ही! माझ्या धाकट्या आतेभावानं अशीच खोलून आणली, वर मला फोन. "दादा, लै पळतीया बघ आता. पंधरा हजार गेलं, पर वसूल."

वसूल कुणाचं झालं ते पुढे सांगतोच. आधी मंडळींना थोडक्यात सांगतो की ही डबी नेमकं करते काय, कारण आपल्या घरातच तिघांच्या पिकअप आहेत आणि उरलेले दोघे "आम्हीपण करून घ्यावं म्हणतोय" असं दिवाळीत म्हणत होते.

हल्लीच्या कॉमनरेल डिझेल इंजिनात किती डिझेल फवारायचं, कधी फवारायचं, टर्बोनं किती हवा दाबायची, हे सगळं एक छोटा संगणक ठरवतो. त्याला ईसीयू म्हणतात. त्याच्या पोटात तक्ते असतात, की एवढ्या फेऱ्यांवर, एवढा पाय दाबला तर, एवढं डिझेल. ट्यूनरची डबी हे तक्ते वाचते आणि त्यांच्या जागी दुसरे लिहिते. जास्त डिझेल, जास्त हवा, म्हणून जास्त जोर. यात जादू काहीही नाही. दुसरा एक स्वस्त प्रकार आहे, तो इंजिनाच्या वायरिंगमध्ये बसवतात. तो ईसीयूला खोटं सांगतो की बाबा रेलमधला दाब कमी आहे, मग ईसीयू बिचारा दाब वाढवतो. आणि सगळ्यात स्वस्त प्रकार म्हणजे ऑनलाइन मिळणारी, काही शे रुपयांची, पोर्टमध्ये खोचायची डबी. परदेशात काही संगणक-सुरक्षावाल्यांनी असली एक डबी उघडून पाहिली होती. आत दिवे लुकलुकवण्यापलीकडे काहीही सापडलं नाही. मला विचाराल तर तिन्हीत हीच सगळ्यात निरुपद्रवी!

आता कुणी म्हणेल की हा काय शहरात बसून खेड्यातल्या पोरांना शहाणपण शिकवतोय. तसं नाही हो. इंजिनाशी खेळणं हे आपल्या मातीत आहे. १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती लोखंडी नांगरासाठी. सातारा रोडला कूपरांचा कारखाना स्वातंत्र्याच्या आधीपासून, आणि तिथली डिझेल इंजिनं पुढे कितीतरी विहिरींवर धडधडली. (ते धनजीशा कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. साताऱ्याचा कारखानदार! असो.) पुढे ट्रॅक्टर आले, टेंपो आले, आणि "पंप वाढवून घेणं" ही पद्धतच पडली. डिझेल पंपाला कंपनीचं सील असायचं, ते तोडायचं, स्क्रू थोडा फिरवायचा, की उसाची जोड ट्रॉली चढावर ओढायला जोर यायचा आणि मागे काळा धूर. काळा धूर म्हणजे जोर, अशी समजूत तेव्हापासूनची आहे. खरं तर काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, म्हणजे तुमचेच पैसे सायलेन्सरमधून बाहेर. पण तो पंप वाढवणारा मिस्त्री निदान इंजिन ऐकायचा. हात लावून बघायचा, धुराचा रंग बघायचा, म्हणायचा "बास, एवढंच, याच्या वर लाइनर जाईल". मिरजेला सतारी-तंबोरे बनवणारे कारागीर जवारी काढतात ना, घोडी किंचित घासून, पुन्हा तार छेडून, कान लावून, तसंच काहीसं. आतेभावाच्या गाडीचं ट्यूनिंग ज्यानं केलं, त्यानं गाडी चालूसुद्धा करून ऐकली नाही. लॅपटॉपवर फाइल होती, ती ढकलली. तीच फाइल त्या दिवशी आणखी चार गाड्यांना.

ट्यूनरवाल्यांचं हुकमाचं पान एकच. "कंपनीनंच जोर दाबून ठेवलाय, आम्ही फक्त सोडतो." ऐकायला फार गोड आहे. शेतकऱ्याच्या पोराला कंपनीनं, सरकारनं, दलालानं दाबून ठेवलंय हे पटवायला वेगळे कष्ट पडत नाहीत. आणि वाक्य पूर्ण खोटंही नाही. महिंद्राचं १४९३ सीसीचं इंजिन बोलेरोत ७५ हॉर्सपॉवर देतं आणि त्याच मापाचं बोलेरो निओत १००. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट काही गाड्यांत ७५ आणि काहींत ९० द्यायचं. मग पंचवीस आणि पंधरा घोडे गेले कुठे? तर फियाटच्या बाबतीत ९० वाल्याचा टर्बोच वेगळा होता. पाती फिरवून घेणारा, महागडा. नुसता तक्ता बदलून ९० केलेलं नव्हतं. कंपनी घोडे वाढवते तेव्हा टर्बो, इंटरकूलर, क्लच, गिअरबॉक्स, रेडिएटर, सगळ्याचा हिशोब पुन्हा मांडते. आणि जे "दाबून ठेवलेलं" असतं ना, ते ४२ डिग्रीच्या उन्हात, जतच्या धुळीत, चोंदलेल्या एअर फिल्टरवर, कसल्याशा डिझेलवर, सहा-सात वर्षं गाडी चालावी म्हणून ठेवलेलं अंतर असतं. पिकअप ही रविवारी फिरायला काढायची गाडी नव्हे. हप्ते तिच्याच जिवावर फिटायचे असतात.

बरं, एवढं करून जोर वाढला. मग? ब्रेक वाढले का?

यावर मला आजवर एकाही ट्यूनरकडून सरळ उत्तर मिळालेलं नाही. ब्रेक तेच, पुढे डिस्क मागे ड्रम. टायर तेच. पाटे तेच, किंवा गावच्या लोहाराकडून एक जास्तीचा घालून घेतलेला. आणि रस्ता कुठला आहे ते बघा. सगळे म्हणतात "खंबाटकीला ओढत नाही". अरे, पण भरलेली गाडी घेऊन तू खंबाटकीचा घाट चढतोस कधी? पुण्याकडून साताऱ्याकडे येताना घाट चढायचा असतो, तेव्हा तुझी गाडी बहुतेक रिकामी, नाहीतर परतीचं किरकोळ भाडं. तासगावचा माल घेऊन कराड-साताऱ्यावरून पुण्याला जाताना तू बोगद्यातून जातोस, आणि बोगद्यानंतर लागतो तो उतार. तिथलं ते एस आकाराचं वळण महाराष्ट्राला पाठ आहे. २०१८ च्या एप्रिलमध्ये त्याच भागात मजुरांनी भरलेला टेंपो उलटला आणि जवळपास दीड डझन माणसं गेली. पुढे कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत पुन्हा उतारच. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका बेफाम ट्रकमुळे तिथे चाळीसहून जास्त गाड्या एकमेकींवर आदळल्या. म्हणजे माल भरलेला असताना तुझ्या वाटेवर जे दोन खरे परीक्षेचे टप्पे आहेत, ते दोन्ही उताराचे. तिथे जोर काय करायचाय? तिथे थांबता आलं पाहिजे. डिझेल इंजिनाचा आपसूक ब्रेक मुळात पेट्रोलपेक्षा कमी असतो, छोट्या पिकअपला मोठ्या ट्रकसारखा एक्झॉस्ट ब्रेकही नसतो. फाइल बदलून यात तसूभर फरक पडत नाही.

उलट पडतो. कारण पिकअपवाल्यांना ट्यूनरकडे सगळ्यात आधी हवं असतं ते "८० चं लॉक काढून द्या". मालवाहू गाडीला ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा कंपनीतूनच बसवलेली येते, ती उडवायची. शंभरनं जायला. ८० वरून १०० म्हणजे वेग सव्वापट, पण थांबवताना ब्रेकला जी ऊर्जा गिळावी लागते ती दीडपटीहून जास्त. शाळेत नववी-दहावीला शिकवतात हे, अर्धा एम व्ही वर्ग. आणि हौद्यात वजनही वाढलेलं.

आता वजनाचं. माझा सगळा राग खरं तर इथे आहे.

आतेभावाची गाडी साधारण १.७ टनाची. द्राक्षाचा क्रेट धरा वीस किलोचा, रिकाम्या क्रेटचं वजन वेगळं. म्हणजे ऐंशीच्या आत क्रेट भरावेत असा कागदोपत्री हिशोब. तो भरायचाही तेवढेच, चार-दोन इकडे तिकडे. गाडी खोलून आणल्यावर तो ११० भरायला लागला. ११० क्रेट म्हणजे क्रेटच्या वजनासकट २.४ टनाच्या आसपास. का? तर गाडी ओढतीय ना! पहिला महिना खरंच मजेत गेला. भाडं क्रेटमागे मिळायचं, क्रेट वाढले, पैसे वाढले. मला फोनवर सांगायचा तेव्हा आवाजातच कळायचं.

मग त्या लाइनवरच्या बाकीच्यांनीही गाड्या खोलून आणल्या. सगळेच शंभर-सव्वाशे क्रेट भरायला लागले. आणि ज्या व्यापाऱ्याचा माल हे नेतात, त्यानं क्रेटमागचा दर उतरवला. त्याचं म्हणणं अगदी बिनतोड होतं, "तुमच्या एका खेपेत आता जास्त बसतंय की, तुम्हाला परवडतंय." आता आतेभाऊ ११० क्रेट नेऊन जवळपास तेवढेच पैसे मिळवतो, जेवढे आधी ऐंशीला मिळवत होता. त्यात डिझेल जास्त, टायर जास्त, क्लच प्लेट एका हंगामात गेली. आणि जो ट्यूनिंग करणार नाही, नियमात ऐंशीच भरीन म्हणेल, तो धंद्यातूनच बाहेर. म्हणजे हौस म्हणून सुरू झालेली गोष्ट सहा महिन्यांत सक्तीची झाली. पंधरा हजार दिले पोरानं, जीव धोक्यात घातला पोरानं, इंजिन झिजलं पोराचं, आणि वाचलेलं भाडं गेलं व्यापाऱ्याच्या खिशात.

"हा जास्त जोर मला माझ्या गाडीतून मिळाला" असं त्याला वाटतं. मला वाटतं तो जोर त्यानं उसना घेतलाय, तोही दुसऱ्यासाठी.

आणि गंमत (कसली गंमत म्हणा) पुढेच आहे. गाडी मुळात ओढत का नव्हती? ट्यूनिंगनंतरही धूर वाढतच गेला म्हणून शेवटी कराडजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे दाखवली. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवून टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या होज पाइपवरून हात फिरवला, आणि पाच मिनिटांत पाइपची चीर दाखवली. टर्बोनं दाबलेली हवा त्या चिरीतून बाहेर जात होती. हवा कमी, म्हणून जोर कमी, म्हणून धूर. पाइप बदलायला हजाराच्या आत खर्च आला. पंधरा हजार घेणाऱ्याच्या हातात याच पोर्टमधून गाडीची सगळी नाडी वाचणारं यंत्र होतं. टर्बोचा दाब किती हवा आणि किती येतोय हे दोन आकडे त्यानं शेजारी शेजारी पाहिले असते तरी कळलं असतं. पण नाडी बघायचे कोण पैसे देतो? ताकदीच्या गोळीचे देतात.

म्हणून माझं भांडण त्या यंत्राशी नाही. तेच यंत्र दोष वाचायला वापरा ना. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, इंजेक्टर, काजळीनं चोंदलेला ईजीआर, घसरणारा क्लच, टायरमधली हवा. यातलं काहीतरी एक नीट केलं की "पिकअप गेला" ही तक्रार बहुतेक वेळा तिथेच संपते.

धुराबद्दल बोललो की घरात सगळे हसतात. "आला मोठा पर्यावरणवाला." हसा. बीएस-६ एप्रिल २०२० पासून आलं, डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा डीपीएफ आला, आणि ट्यूनरांच्या यादीत लगेच "डीपीएफ ऑफ, ईजीआर ऑफ" हा नवा पदार्थ आला. पीयूसी? ती तर आरामात मिळते. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये फोक्सवॅगनचं पितळ उघडं पडलं ते याच नायट्रोजन ऑक्साइडवरून. जगभरातल्या १ कोटी १० लाख गाड्यांत अशी फाइल, जी चाचणीत साधू आणि रस्त्यावर डाकू. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयनं तपासण्या केल्या, तीन लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्या कंपनीला यथेच्छ शिव्या दिल्या. कंपनीनं केलं तो घोटाळा आणि आपण केलं ते ट्यूनिंग, हा न्याय मला कळत नाही. अमेरिकेत हा डबीचा खेळ आपल्या आधीपासून चालू आहे. तिथल्या पर्यावरण खात्यानं २०२० मध्ये हिशोब मांडला, तर दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषण-यंत्रणा काढून टाकलेली निघाली. तिथे निदान रस्ते रुंद आणि घरं लांब. आपल्याकडे विट्याच्या रस्त्याला शाळेचं फाटकच रस्त्यावर उघडतं.

कायद्याचं एका दमात सांगतो, कारण त्यानं कुणी घाबरत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीत मूळ नोंदीशी विसंगत बदल करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १८२-अ, मालकानं असा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. आणि अपघात झाला तर विमा कंपनी असल्या कारणाचीच वाट बघत असते. बऱ्याच ईसीयूत फाइल कितीदा बदलली याची नोंद राहते, तेव्हा "परत ओरिजिनल टाकून देतो" या आश्वासनावर विसंबू नका.

यावर मला नेहमी देवराष्ट्र्याचं उदाहरण देतात. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली, २०२१ च्या डिसेंबरमध्ये आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या जीपच्या बदल्यात नवी बोलेरो दिली. "बघ, जुगाडाला मान मिळतो." मिळालाच पाहिजे! पण नीट आठवा, बोलेरो देऊ करतानाच महिंद्रांनी म्हटलं होतं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती अडवतील. आणि मुख्य फरक हा, की लोहारांनी गाडी स्वतः घडवली. तिचा प्रत्येक नट कुठून आला हे त्यांना ठाऊक होतं. आपली पोरं कुणा अनोळख्यानं कुठूनशी उतरवून घेतलेली फाइल पैसे देऊन आत घेतात, आत काय आहे ते ना यांना ठाऊक ना विकणाऱ्याला. याला जुगाड म्हणणं हा लोहारांचा अपमान आहे.

गाडी विकणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. डीपीएफ भरला की दिवा लागतो, तो जळून साफ व्हायला गाडी सलग थोडा वेळ बऱ्या वेगानं पळावी लागते, हे दूध गोळा करत वाडीवस्तीवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये फिरणाऱ्या माणसाला गाडी विकताना कुणी नीट सांगत नाही. दिवा लागला की तो घाबरतो, सर्व्हिस सेंटरचं बिल बघून आणखी घाबरतो, आणि मग बाहेर डबी घेऊन उभा असलेला माणूस त्याला देवासारखा वाटतो. यात चूक एकट्या मालकाची नाही.

आतेभावानं आता मूळ फाइल परत टाकून घेतली आहे, होज पाइप नवा आहे आणि ऐंशी क्रेटला गाडी व्यवस्थित ओढते. पण ऐंशी क्रेट भरून त्याला परवडत नाही, कारण दर अजून तोच, उतरवलेला. तेव्हा या हंगामात तो पुन्हा ११० भरणार आहे. मी ओरडलो तर म्हणाला, "दादा, तुजं बरोबर हाय. पर व्यापाऱ्याला कोण सांगणार?"

आपल्या नात्यात दोघे जण द्राक्षाच्या व्यापारात आहेत. ते हे वाचतात हे मला माहीत आहे. दर क्रेटमागे न ठरवता खेपेमागे ठरवला आणि गाडीच्या कागदावरच्या वजनाच्या वर क्रेट घेणार नाही म्हटलं, तर तुमचं किती नुकसान होतं, तेवढं हिशोब करून मला कळवा. फोन केलात तरी चालेल. शिव्या द्यायला केलात तरी उचलेन.